आमच्या पायांखालीं काय आहे?

आमच्या घरीं दर वर्षीं डिसेंबरच्या दहाव्या रात्रीं आजीचें अंथरूण अंगणांत पडत असे. थंडी कितीही असो, तिच्यापुढें कोणाचें कांहीं चालत नसे. आम्हां मुलांनाही ती आपल्याजवळ घेऊन निजे, आणि पहांटे साडेचार वाजून गेले म्हणजे उठून चुलीकडे जाई. आमचें गांव पाटण तालुक्यांत, कोयनेच्या कांठीं. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं त्या खोऱ्यांत जो भूकंप झाला, त्यांत सुमारें १८० माणसें दगावलीं. त्यांपैकीं एक माझी आत्या होती. दगडामातीची भिंत तिच्या अंगावर आली, तेव्हां ती पांच वर्षांची होती. माझे वडील बारा वर्षांचे. दाराशीं निजले होते म्हणून वांचले. मी तिला आत्या म्हणतों खरा, पण आज ती माझ्या धाकट्या मुलीहूनही लहान राहिली आहे.

असें कां झालें, याचें उत्तर आजीनें स्वतःपुरतें शोधून ठेविलें होतें. ती म्हणे, “खालनं समदं पोकळ हाय. धरणाचं पानी त्या पोकळीत उतरलं, आन् धरणी बसली.” गांवांतील पुष्कळ म्हातारीं माणसें असेंच बोलत. शिकलेल्यांनीं यास हंसावें असें मला वाटत नाहीं. धरणांत पाणी सांठूं लागल्यावर धक्के सुरू झाले, हें तिनें स्वतः पाहिलें होतें, आणि तिच्या बोलण्यांतील तो भाग पुढें शास्त्रज्ञांनींही खरा मानला. पण पोकळीच्या त्या कल्पनेनें आमच्या घरांत एक हट्ट निर्माण केला होता. आजी आमच्या परसांत विहीर खणूं देत नसे. “पोकळीला भोक पाडू नगा,” एवढेंच तिचें म्हणणें. त्यामुळें आई आणि काकू बारा महिने नदीवरून डोक्यावर पाणी आणीत. वडिलांनीं दोनदां पहार आणून कोपऱ्यांत उभी केली, आणि दोन्ही वेळां ती तशीच गंजली.

मी आठवीच्या वर्गांत असतांना या शाळेच्या वसतिगृहांत राहावयास आलों. त्याच वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारों माणसें मेलीं. पुढें कित्येक दिवस वर्तमानपत्रांतील तीं छायाचित्रें आम्ही वाचनालयांत गर्दी करून पाहात होतों. एके दिवशीं विज्ञानाच्या तासाला मीं धीर करून फादरांना विचारलें, “फादर, जमीन खालीं पोकळ असते काय?” वर्ग हंसला. फादर हंसले नाहींत. त्यांनीं मला तें कोणीं सांगितलें, हें विचारून घेतलें, आणि आजीचें नांव निघतांच खडू खालीं ठेवून आम्हां सर्वांना मैदानावर नेलें.

वीस मुलांची एक रांग त्यांनीं उभी केली. प्रत्येकानें पुढच्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ताठ ठेवावयाचे. मग त्यांनीं शेवटच्या मुलाला पाठींतून हलकासा धक्का दिला. तो धक्का एकाकडून दुसऱ्याकडे जात थेट पहिल्यापर्यंत पोंचला; मुलें मात्र जागचीं हललीं नाहींत. नंतर त्यांनीं शेवटच्या मुलाला डावीउजवीकडे झुलविलें. तोही झोंका रांगेंतून पुढें गेला, पण अंमळ सावकाश. “आतां हात काढा आणि अंग चोरून, नुसते एकमेकांना चिकटून उभे राहा,” ते म्हणाले. पाठींतला धक्का याही वेळीं पुढें गेला. झोंका मात्र दुसऱ्यातिसऱ्या मुलापाशींच विरला, कारण शेजाऱ्याला बाजूला ओढील असें धरावयास कोणाजवळ कांहीं नव्हतें. शेवटीं त्यांनीं मधलीं चार मुलें रांगेंतून काढलीं. मग तर कांहींच पुढें जाईना.

“ही झाली तुझ्या आजीची पोकळी,” फादर म्हणाले.

त्या दिवशीं मला जें समजलें तें असें. भूकंपाच्या केंद्रापासून दोन तऱ्हेच्या लाटा खडकांतून निघतात. एक दाबाची, ती आधीं येते म्हणून तिला प्राथमिक म्हणतात. दुसरी आडव्या हेलकाव्याची; ती मागून येते म्हणून दुय्यम. पहिली घन पदार्थांतून जाते आणि द्रवांतूनही जाते. दुसरीला परस्परांचे हात घट्ट धरलेले कण लागतात. पाण्यांतून किंवा वितळलेल्या रसांतून ती जाऊंच शकत नाहीं. आपल्या खोऱ्यांतील कोणत्याही म्हाताऱ्या माणसास विचारा. तो सांगेल कीं, आधीं गुरगुर ऐकूं येते आणि मग हिसका बसतो. ती गुरगुर ही पहिली लाट, आणि हिसका ही दुसरी. आमच्या लोकांना हें पिढीभर ठाऊक होतें. फक्त त्याला नांव नव्हतें.

नांव देणाऱ्यांत एकाचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनीं १८९७ सालच्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास करून १८९९ मध्यें त्याचा वृत्तांत छापला. दूर देशींच्या यंत्रांवर उमटलेल्या त्या भूकंपाच्या रेषांत हे निरनिराळे लाटांचे प्रकार त्यांनीं ओळखून दाखविले. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानें ऐकूं आला यावरून ती किती दूर पडली हें जसें आपण अजमावितों, तसेंच येथें करतां येतें. कोयनानगर ते पुणें सरळ रेषेंत सुमारें सव्वाशें किलोमीटर. पहिली लाट वरच्या खडकांतून सेकंदास साधारण सहा किलोमीटर धांवते, म्हणजे ती एकवीस सेकंदांत पुण्यास पोंचते. दुसरी साडेतीन किलोमीटरांच्या वेगानें छत्तीस सेकंदांत. अंतर पडलें पंधरा सेकंदांचें. त्या पंधराला आठानें गुणा, म्हणजे भूकंप सुमारें १२० किलोमीटरांवर झाला हें पुण्यांत बसून सांगतां येतें. वहींत हा गुणाकार केला तेव्हां मला जो आनंद झाला, तो परीक्षेंतील कोणत्याही गुणांनीं झाला नाहीं.

पण भूकंप कोठें झाला हें समजणें निराळें, आणि वाटेंत काय आहे हें समजणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीची किल्ली ज्या गृहस्थांस सांपडली त्यांचें नांव आंद्रिया मोहोरोविचिच. क्रोएशियांतील समुद्रकांठच्या एका गांवीं १८५७ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील जहाजांचे नांगर घडविणारे लोहार. मुलगा शिकून शाळामास्तर झाला. बाकार येथील नाविक शाळेंत त्यानें कित्येक वर्षें मुलांना शिकविलें. मूळचा त्यांचा विषय हवामान. झाग्रेबच्या वेधशाळेचे प्रमुख झाल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर ते भूकंपाकडे वळले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों, कारण नवा विषय शिकण्याचें वय निघून गेलें असें दहावीतच म्हणणारीं मुलें मला ठाऊक आहेत.

८ ऑक्टोबर १९०९ रोजीं झाग्रेबच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर, कूपा नदीच्या खोऱ्यांत भूकंप झाला. मोहोरोविचिच तेव्हां बावन्न वर्षांचे होते. त्यांनीं युरोपांतील वेधशाळांना पत्रें लिहून तेथल्या यंत्रांनीं काढलेल्या रेषा मागविल्या आणि कोणत्या ठिकाणीं कोणती लाट किती वाजतां पोंचली याचें कोष्टक मांडलें. तों एक विलक्षण गोष्ट दिसली. कांहीं अंतरावरील ठिकाणीं पहिली लाट एकदां येत नव्हती; दोनदां येत होती. दुसरीही तशीच जोडीनें येत होती. भूकंप तर एकच. मग एकाच घरून निघालेला निरोप्या दोन वेळां दारांत कसा येतो?

याचें उत्तर त्यांनीं दिलें तें आपल्या रोजच्या चालण्यांतील आहे. समजा, आपल्या गांवापासून कांहीं अंतर खालीं चांगली सडक जाते. शेजारच्या वाडीस जावयाचें असेल तर आपण पायवाटेनें नीट निघतों. सडकेपर्यंत उतरून पुन्हा चढण्यांत उगाच वेळ जाईल. पण जिल्ह्याच्या गांवीं जावयाचें असेल तर उतरून सडक गांठणाराच आधीं पोंचतो, कारण सडकेवर गाडी मिळते. पायवाटेनें गेलेलाही पोंचतो, पण मागाहून. त्या लाटांचें असेंच झालें होतें. एक वरच्या खडकांतून सरळ आली. दुसरी खालीं उतरली, तेथें जास्त वेगानें धांवली, आणि पुन्हा वर आली. म्हणजे खालीं सडक आहे! कोणत्या अंतरापासून सडकेवाला पुढें निघूं लागतो, हें पाहून सडक किती खोल आहे तें गणितानें काढतां येतें. मोहोरोविचिच यांच्या गणितांत ती ५४ किलोमीटर खोल आली. त्याच्या वरतें पृथ्वीचें कवच, आणि खालतें निराळ्या, अधिक जड खडकांचें प्रावरण. या सीमेस आज त्यांचेंच नांव आहे; लांब म्हणून सर्व जग तिला नुसतें ‘मोहो’ म्हणतें. ओल्डहॅम आणि मोहोरोविचिच हे दोघेही १९३६ सालींच वारले.

पुढें जगभर मोजण्या झाल्या. खंडांखालीं हें कवच बहुतेक ठिकाणीं ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, तिबेटखालीं सुमारें ७०, आणि महासागरांच्या तळाशीं अवघें सहासात. शाळेच्या पुस्तकांत पृथ्वीचें जें कांद्यासारखें चित्र असतें, त्यांत हें कवच सर्वत्र एकाच रेषेनें दाखवितात. तें चित्र मला कधींच आवडलें नाहीं. किल्लारीपासून आमचें गांव सुमारें ३०० किलोमीटर. त्या पहांटे आमच्या खोऱ्यांतील एखाद्या यंत्रावर जी लाट सर्वांत आधीं पोंचली असेल, ती अडतीसचाळीस किलोमीटर खालीं उतरून, सडकेनें धांवून, पुन्हा वर आलेली असली पाहिजे. वरून सरळ आलेलीच्या ती दोनतीन सेकंद आधीं येते. आमच्या अंगणाखालीं एवढी खोल जाऊन आलेली वस्तु दुसरी कोणती असणार?

फादरांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. मिशनरी शाळा आणि भूकंप यांचा काय संबंध, असें कोणास वाटेल, म्हणून येथें लिहितों. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनीं अनेक देशांतील आपल्या विद्यालयांत भूकंपमापक यंत्रें ठेविलीं होतीं. अमेरिकेंत तर १९२५ सालीं त्यांनीं त्यासाठीं एक मंडळच स्थापिलें. कारण साधें होतें. या यंत्रांस रोज न चुकतां पाहणारा, घड्याळ तपासणारा, कागद बदलणारा मनुष्य लागतो. आणि घंटेच्या ठोक्यावर उठणाऱ्या माणसांना तें काम जमण्यासारखें होतें.

परंतु भूकंपाची वाट पाहात बसणें हें कांहीं सोयीचें नव्हे. म्हणून माणसानें स्वतःच जमिनीस धक्का देण्याची रीत काढली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें १९७० च्या दशकांत आपल्या भागांत गुहागरपासून चोरोचीपर्यंत एक आणि केळशीपासून लोणीपर्यंत दुसरी, अशा दोन रेषा आंखल्या. जमिनींत भोंकें पाडून त्यांत सुरुंग उडवावयाचे, आणि रेषेवर जागोजाग मांडलेल्या कंपग्राहकांनीं लाटांच्या वेळा टिपावयाच्या. माझ्या वडिलांना त्या दिवसांतील तारा आणि मालमोटारी आठवतात. हीं माणसें सोनें शोधीत आहेत, अशी गांवांत वदंता होती. त्यांना सांपडलें तें असें. वर काळ्या पाषाणाचे थर, पूर्वेकडे पातळ आणि किनाऱ्याकडे जाड. त्यांखालीं जुना, घट्ट, स्फटिकी खडक. आणि सुमारें ३६ ते ४० किलोमीटरांवर मोहो. गांव गिळील अशी पोकळी कोठेंच नाहीं. विहिरीएवढी पोकळी असेल तर लाटा तिला वळसा घालून जातील आणि यंत्रास पत्ताही लागणार नाहीं, हें मीं प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण आजीची पोकळी विहिरीएवढी नव्हती.

नाताळच्या सुटींत मी घरीं गेलों तो हें सारें घेऊनच. अंगणांत चुलत भावंडांची रांग उभी करून आजीला धक्का आणि झोंका दाखविला. तिनें सूप खालीं ठेवून सर्व पाहिलें. मी म्हटलें, “बघ आजी, हिसका तुला बसतो ना? पोकळ असतें, पातळ असतें, तर हिसका आलाच नसता. खालीं चाळीस किलोमीटर नुसता दगड आहे.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दगुडच हाय, तर मग हालला कशापायी?”

मी निरुत्तर झालों. माझी सगळी तयारी पोकळी नाहीं हें सिद्ध करण्याची होती. तिला मात्र तिची मुलगी कशानें गेली हें पाहिजे होतें. सुटी संपल्यावर मीं तो प्रश्न जसाच्या तसा फादरांपुढें ठेविला. ते म्हणाले, “तुझ्या आजीनें तुझ्याहून चांगला प्रश्न विचारला आहे. अरे, घट्ट आहे म्हणूनच हालला. ओल्या मातीला दाब, ती नुसती सरकते. वाळलेली काठी वांकवीत जा, ती ताण सोसते, सोसते, आणि सोसणें संपलें कीं कडकन मोडते. खडकाचें तेंच आहे. त्यांत जुन्या भेगा आहेत, आणि देशभराच्या जमिनीचा रेटा त्यांवर आहे. धरणाच्या पाण्याचा दाब त्या भेगांत उतरला आणि तटलेले खडक निसटले. धरणानें रेटा निर्माण केला नाहीं. तो आधींचाच होता. पाण्यानें निमित्त केलें.”

उन्हाळ्याच्या सुटींत मीं हें आजीला सांगितलें. काठीची गोष्ट तिला पटली असावी, कारण ती कांहीं बोलली नाहीं. उठून तिनें देवापुढची वात सारखी केली. पुढच्या वर्षीं वैशाखांत वडिलांनीं तिसऱ्यांदां पहार काढली, तेव्हां ती आड आली नाहीं. आठ हात खालीं काळा फत्तर लागला आणि सुरुंगाशिवाय पहार चालेना. ती रोज कांठावर येऊन उभी राही, आणि वर आलेला प्रत्येक धोंडा काठीनें ठोकून पाही. पाणी लागलें त्या दिवशीं आईनें पहिली घागर तिच्या पायांवर ओतली.

लाटांवर विश्वास ठेवावा, पण डोळे मिटून नव्हे, हेंही मला नंतर समजलें. रशियांत कोला येथें माणसानें सर्वांत खोल भोंक पाडलें. तें १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोल गेलें, म्हणजे तेथल्या कवचाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत. सुमारें सात किलोमीटरांवर लाटांचा वेग बदलतो, तेथें ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागणार, असें शास्त्रज्ञ धरून चालले होते. प्रत्यक्षांत तेथें बेसाल्ट लागलाच नाहीं. भेगाळलेला, पाणी मुरलेला ग्रॅनाइटच निघाला. लाट खडकाचा वेग सांगते, जात सांगत नाहीं. म्हणून कोठें तरी खणून पाहावें लागतें.

आपल्या खोऱ्यांतही तसें पाहिलें गेलें. गोठणें गांवाजवळ २०१७ सालीं तीन किलोमीटर खोलीपर्यंत एक भोंक पुरें झालें. काळा पाषाण १२४७ मीटरांवर संपला, आणि त्याखालीं ग्रॅनाइटाच्या जातीचा, अडीचशें कोटी वर्षांहून जुना खडक लागला. वरचा पाषाण त्या मानानें कालचा. तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा लाव्हा आहे. मीं ती बातमी आजीला मोठ्यानें वाचून दाखविली. ती तेव्हां ब्यायशीं वर्षांची होती आणि कानांनीं जरा कमी झाली होती. तिनें विचारलें, “पानी लागलं का तितं?” भेगांत ओल असणारच, असें मी म्हणालों. “मग झालं,” ती म्हणाली.

त्या वर्षींही डिसेंबरच्या दहाव्या रात्रीं तिचें अंथरूण अंगणांतच पडलें. मी जवळ निजलों होतों. पहांटे केव्हां तरी भांड्यांची फळी किणकिणली. आधीं जमिनींतून गुरगुर आली; आजी जागीच होती, आणि तिनें अंधारांत मोजावयास सुरुवात केली. “एक, दोन,” इतक्यांत लहानसा हिसका बसला. ती कुशीवर वळली.

“हितलाच हाय,” ती म्हणाली. “दोन कोसांवरचा.”